पणजीचं स्टेशन, रानातलं स्टेशन

गॅसोलीनमध्ये डाव्या बाजूला बसा. बेतीच्या धक्क्यावरून पणजीकडे निघालं की संध्याकाळचा वारा समुद्राकडून, म्हणजे तुमच्या उजव्या हाताने येतो, आणि उजवीकडचे उतारू पलीकडे पोचेपर्यंत निम्मे भिजलेले असतात. गॅसोलीन म्हणजे मोटर लाँच. इथे तिला तिच्या इंधनाच्याच नावाने हाक मारतात. सावंतवाडीहून बांद्यापर्यंत तुम्ही बसने आलात, सरहद्दीवर पोलिसाने पिशवी उपसून पाहिली, शिक्का मारला, आणि पुढे पेडणे, म्हापसा करत 'कारेर'ने बेतीला. कारेर म्हणजेही बसच, पण सरहद्द ओलांडली की शब्द बदलतात. साल १९५४, मे महिना. पावसाला अजून अवकाश आहे.

तुम्हाला इथे आणलंय ते एका रेडिओ स्टेशनसाठी. एमिसोरा द गोवा. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभं राहिलेलं, पोर्तुगीज सरकारच्या मालकीचं, एका छोट्या राजधानीचं छोटं स्टेशन. अख्ख्या गोव्याची लोकसंख्या अजून सहा लाखांच्या आत आहे. पणजी तर तुम्ही तासाभरात पायी फिरून व्हाल: नदीकाठचा आदिलशहाचा जुना वाडा, तिथे आता सरकारी कचेऱ्या, चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या, मागे अल्तिनोची टेकडी, तिच्यावर साहेबलोकांचे बंगले, आणि टेकडीच्या पायथ्याशी मळा आणि फोंताइन्यास, जिथल्या गल्ल्यांत समोरासमोरच्या दोन घरांतली माणसं खिडकीतून एकमेकांच्या जेवणाची चौकशी करू शकतात.

त्यातल्याच एका घराच्या बाल्कांवावर बसा. दारासमोरचा हा ओटा, दोन्ही बाजूंना सिमेंटचे सोपे, म्हणजे बाकं. कोणी काही विचारणार नाही. गोव्यात बाल्कांवावर बसलेला माणूस कोणाचा तरी पाहुणा असतोच. आतल्या खोलीत कपाटावर व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, वर क्रोशाचा रुमाल. घरातला म्हातारा बटण फिरवतो. लगेच काही ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं, मग काचेमागे पिवळा उजेड पडतो, कोपऱ्यातला हिरवा डोळा उघडतो, आणि सुई बरोबर जागेवर आली की त्या डोळ्याची फट मिटत जाते. लंडन, लिस्बन, कोलंबो अशी नावं काचेवर छापलेली आहेत. पणजीचं नाव नाही. म्हाताऱ्याला त्याची गरजही नाही, त्याच्या बोटांना जागा पाठ आहे.

पोर्तुगीज बातम्या लागतात. लिस्बनला अमुक मंत्री तमुक समारंभाला हजर होते. म्हातारा मान डोलवतो. त्याला बातमीपेक्षा उच्चार आवडत असावेत. १९५१ पासून कागदोपत्री गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचा 'सागरापलीकडचा प्रांत' आहे, आणि निवेदकाच्या आवाजात तुम्हाला हा कागद ऐकू येतो. हवामान, बोटींच्या वेळा, संगीत. १९४६ च्या १८ जूनला मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेतली, तेव्हापासून आग्वादच्या किल्ल्यात किती जण गेले, किती जण लिस्बनला पाठवले गेले, याची बातमी या यंत्रातून कधी निघत नाही. छापील अक्षराचीही तीच गत. लग्नाची पत्रिका छापायची तरी आधी सरकारी तपासणीतून काढावी लागे, असं त्या काळातली माणसं सांगतात.

एवढं ऐकून तुम्ही तोंड वाकडं कराल तर थोडं थांबा. बातम्या संपल्या की घरातल्या बायका रेडिओजवळ येतात. फर्माइशीच्या गाण्यांचा कार्यक्रम लागतो आणि अख्खी गल्ली एका आवाजाने भरते. नावं वाचली जातात: कोणाच्या वाढदिवसाला कोणाकडून, मुंबईतल्या मुलाकडून म्हापशाच्या आईला, बोटीवर गेलेल्या नवऱ्याकडून बायकोला. हा बोटीवरचा माणूस महत्त्वाचा. गोव्यातला दर तिसऱ्या घरातला कोणीतरी जहाजावर, आफ्रिकेत किंवा मुंबईच्या कुडांत, म्हणजे गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत असतो, असं म्हणण्याची पद्धत आहे. हिशेब बरोबर असो नसो, रेडिओवर नाव ऐकण्यासाठी बसलेल्या बायका तुम्ही आता पाहताच आहात. सरकारी प्रचाराचं स्टेशन लोकांचं लाडकंही असू शकतं. पुढे स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांपैकी काहींना हे मान्य करायला जड गेलं, पण एमिसोराची गाणी आठवून डोळे मिचकावणारी माणसं गोव्यात नंतरही खूप होती.

आणि गंमत बघा, ऐकणारे फक्त गोव्यातले नव्हते. १९५२ मध्ये दिल्लीत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे कैवारी, मराठी माणूस. सिनेमाच्या गाण्यांनी देशाची रुची बिघडते अशी त्यांची खात्री होती, त्यामुळे ऑल इंडिया रेडिओवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रुची सुधारण्याऐवजी सुई फिरवली. बहुतेक जण रेडिओ सिलोनकडे गेले, काही रेडिओ गोव्याकडे, म्हणजे या एमिसोराकडे. दहा घरांतले नऊ रेडिओ सिलोनवर लावलेले आणि दहावा बिघडलेला, हा विनोद त्याच काळातला. म्हणजे मराठी मंत्र्याने बंद केलेलं गाणं मराठी माणूस पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या स्टेशनवर ऐकतो आहे. केसकरांना हार मानायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. तेव्हा विविध भारती आली.

म्हाताऱ्याचा मुलगा खोलीत येतो, बाहेर एक नजर टाकतो आणि सुई हलवतो. मुंबई. आवाज जरा लांबून येतो, पण येतो. तिथल्या कोंकणी विभागात मंगेशीचा एक तरुण नोकरीला लागलेला आहे, जितेंद्र अभिषेकी. त्याच्या चाली अजून नाट्यगृहात पोचायच्या आहेत. म्हातारा मुलाला रागावत नाही. फक्त म्हणतो, "आवाज ल्हान कर." पुढची सात वर्षं गोव्यात सगळ्यांत जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य कदाचित हेच असेल.

आता दोन महिने पुढे चला, आणि थोडे उत्तरेला. २२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून गेलं. ही मोहीम काही सैन्याची नव्हती. त्यात गोमंतकीय होते, संघाचे स्वयंसेवक होते, आणि आपले सुधीर फडके होते. पैसे उभे करण्यासाठी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला होता. गीतकार, गायक, संगीतकार यांनी मिळून एक मुलूख सोडवायला मदत केल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी सापडलेलं नाही. पळालेल्या पोर्तुगीज शिपायांच्या मागे राहिलेल्या सामानात वायरलेस संच होते. ते लक्षात ठेवा. ते पुन्हा भेटणार आहेत.

१५ ऑगस्ट १९५५. या दिवसावर मी तुम्हाला फार वेळ ठेवणार नाही. पत्रादेवी, कॅसलरॉक, तेरेखोल अशा वेगवेगळ्या वाटांनी हजारो निःशस्त्र सत्याग्रही सरहद्द ओलांडतात, समोरून गोळ्या सुटतात, वीसहून अधिक माणसं मरतात. आचार्य अत्र्यांपासून गावच्या शाळामास्तरांपर्यंत महाराष्ट्रात कोणी त्या दिवशी नीट जेवलं नसेल. त्यानंतर नेहरू सरकारने गोव्याभोवती आर्थिक नाकेबंदी आवळली. कॅसलरॉकच्या स्टेशनात रूळ तसेच आहेत, दूधसागराकडे उतरणारा घाट तसाच आहे, पण गोव्यात जाणारी गाडी नाही. 

नाकेबंदीने गोवा उपाशी मरेल असा अंदाज होता. तो चुकला. पुन्हा पणजीच्या बाजारात उतरून बघा: बटाटे हॉलंडचे, सिमेंट जपानचं, तांदूळ पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, दारू अर्थातच पोर्तुगालची. खनिजाच्या बोटी मुरगावातून भरून जातात आणि पैसा येतो. बेळगावची भाजी नाही म्हणून गृहिणी कुरकुरतात, पण हॉलंडचा बटाटा शिजतो. बंद पडली ती ये-जा. पत्रं अडली, वर्तमानपत्रं अडली, नातेवाईक सरहद्दीच्या दोन बाजूंना राहिले. अडवता आल्या नाहीत त्या फक्त लहरी.

२५ नोव्हेंबर १९५५. ही तारीख मुद्दाम निवडलेली आहे. १५१० साली याच दिवशी, सेंट कॅथरिनच्या सणाला, अफोंस द अल्बुकर्कने गोवा जिंकला होता. तुम्ही आहात आंबोलीच्या जंगलात, सरहद्दीच्या भारतीय बाजूला. थंडी आहे. झाडांत एक ट्रक उभा आहे आणि त्याच्या मागच्या भागात दादरा-नगर हवेलीतून आलेले ते वायरलेस संच, आता प्रक्षेपणासाठी जुळवलेले. आत दोन माणसं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो.

आत जा, पण एक अट आहे: बोलायचं नाही, खोकायचं नाही. माइक चालू आहे.

लिबिया लोबो एकतीस वर्षांची आहे. जन्म गोव्याचा, वाढ मुंबईची. मुंबईत तिने शिक्षण घेतलं, गोमंतकीय राष्ट्रवाद्यांच्या बैठकींना जाऊ लागली, आकाशवाणीत काही काळ कामही केलं. म्हणजे स्टुडिओ कसा असतो हे तिला माहीत आहे: जाड गालिचे, दुहेरी दारं, लाल दिवा. इथे ताडपत्री आहे आणि बाहेर रातकिडे. सरदेसाई कार्यकर्ते, सत्याग्रहात मुरलेले. एक कॅथलिक घरातली, एक हिंदू घरातला; तो काळ, ते वय आणि तो एकांत लक्षात घेता मुंबईत कोणी कुजबुजलं नसेल असं नाही. त्यांच्याकडे त्यासाठी वेळ नव्हता. स्टेशनचं नाव 'गोंयच्या सोडवणेचो आवाज'. भाषा दोन: कोंकणी आणि पोर्तुगीज.

पोर्तुगीज का, असं तुमच्या मनात आलं असेल. कारण शत्रूलाही ऐकवायचं होतं. पणजीच्या कचेरीतला कारकून, म्हापशाच्या ठाण्यातला अधिकारी, युरोपातून आलेला, सालाझारला मनातून कंटाळलेला शिपाई, या सगळ्यांनी ऐकावं अशी ती रचना होती. आणि कोंकणी कोणासाठी हे सांगायला नको. दिल्लीच्या भाषणांत गोवा हा एक प्रश्न असतो, इथे त्या प्रश्नात राहणाऱ्या माणसाशी त्याच्या स्वयंपाकघरातल्या बोलीत कोणी तरी बोलतं आहे. एमिसोरा स्थानिक होती तशीच हीही स्थानिक. दोन्ही स्टेशनं त्याच किनारपट्टीसाठी, त्याच कानांसाठी.

सुरुवातीचेच आठवडे बातम्यांनी भरलेले निघाले. त्याच दिवसांत बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतभर फिरत होते आणि गोवा भारताचाच असल्याचं जाहीर सांगत होते. २ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे कून्या यांचं संयुक्त निवेदन निघालं. त्यात गोव्याला 'पोर्तुगीज प्रांत' म्हटलेलं. दिल्ली संतापली. त्याच महिन्यात पोर्तुगालने दादरा-नगर हवेलीचं प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं, ते १९६० च्या एप्रिलपर्यंत चाललं. हे सगळं एमिसोरावरून ऐकलं तर पोर्तुगाल जिंकतच आलेला वाटे. तीच बातमी ट्रकमधून ऐकली की उलटी. प्रचार दोन्हीकडून होता, यात लपवण्यासारखं काही नाही, आणि भारताच्या हद्दीत सहा वर्षं असं केंद्र चालतं ते सरकारच्या मूक संमतीशिवाय नाही. फरक एवढाच की एका बाजूला बोलणाऱ्यांना पगार होता, आणि ऐकणाऱ्यांना मात्र दुसऱ्या बाजूचं ऐकल्याबद्दल तुरुंग.

तुम्हाला वाटलं असेल की अशा स्टेशनवर बोलणं हे मुख्य काम. तसं नाही. मुख्य काम ऐकणं. दिवसरात्र ती दोघं आळीपाळीने सेटला कान लावून असतात. पणजी, लिस्बन, लंडन, दिल्ली. पणजीने काल रात्री काय सांगितलं ते टिपायचं, त्यातली खोट शोधायची, बाहेरच्या बातम्यांशी ताडून बघायची, दोन भाषांत लिहायचं, मग बोलायचं. अंगोला, मोझांबिक या पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत काय खदखदतं आहे, तेही त्यात. आजच्या मोठ्या वृत्तवाहिनीत हेच काम शंभर माणसं करतात. इथे दोघं, आणि तीही स्वतःच्या खऱ्या नावाने बाहेरच्या कोणाशी बोलू शकत नाहीत.

जूनपर्यंत थांबा. आंबोलीचा पाऊस तुम्ही पर्यटक म्हणून पाहिला असेल, धबधब्याखाली फोटो काढला असेल, मक्याचं कणीस खाल्लं असेल. आता तोच पाऊस ट्रकच्या ताडपत्रीवर ऐका, चार महिने. महाराष्ट्रात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी ही एक. कागद ओले, कपडे ओले, काडेपेटी ओली. व्हॉल्व्ह आणि दमट हवा यांचं हाडवैर. जोडणी गंजते, आवाज चरचरतो. पायाला जळू लागलेली कळत नाही, रक्त दिसल्यावर कळते. धुक्यात दहा पावलांवर गवा उभा असला तरी दिसणार नाही. स्टुडिओत आवाजबंद भिंती असतात, इथे निवेदन सुरू असताना बाहेर फांदी मोडली तर ती मोडणारा प्राणी होता की माणूस, हे लाल दिवा विझेपर्यंत बघता येत नाही. लाल दिवाही नाहीच म्हणा.

मग मुक्काम हलतो. कॅसलरॉकचं रान. ज्या स्टेशनात गाडी येईनाशी झाली, त्याच्याच आसपासच्या दाट जंगलातून आता आवाज निघतो. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि कॅसलरॉक मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. झाडांना आणि त्या दोघांना फरक पडला नाही. पणजीला आवाज पूर्वीसारखाच पोचत राहिला.

पलीकडे तो कसा पोचतो हे बघायला बार्देशातल्या एका खेड्यात उतरा. साल १९५८ धरा, किंवा ५९, जेव्हा खिशातला रुपया जाऊन एस्कुदो आला होता. खेड्यात वीज नाही. रेडिओ गावात एक किंवा दोन, मोटारीच्या बॅटरीवर चालणारे. बॅटरी उतरली की ती भरायला शहरात न्यावी लागते, आणि ती इतक्या लवकर उतरली कशी, हा प्रश्न रेजिदोर, म्हणजे गावचा सरकारी अंमलदार, विचारू शकतो. म्हणून जपून. संध्याकाळची आंजेलुसची घंटा झाली की माणसं गुडघे टेकतात, लादाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना होते, जेवणं होतात. मग एक-दोघे मागच्या दाराने येतात. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरी त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार येतो, तोही मागच्याच दाराने. एरवी जे अंतर पाळलं जातं ते या वेळी नाही. खिडकी लावलेली. कान सेटच्या जाळीला इतका जवळ की डोक्याला डोकं लागावं. एरवी याच सेटवर याच घरात फर्माइशी ऐकल्या जातात, खिडक्या सताड उघड्या ठेवून, मुद्दाम मोठ्याने, म्हणजे वाटेने जाणाऱ्या पाखल्याला कळावं की इथे एमिसोरा लागते. पाखले म्हणजे गोरे शिपाई. मागून त्यांना याच नावाने ओळखायचं.

मला या घराचा फार आदर वाटतो. ट्रकमधल्या दोघांच्या धैर्याची नोंद झाली, होत राहील. पण त्यांचं ऐकणाऱ्या माणसाला गाव सोडून जाता येत नव्हतं. त्याचं नाव कोणाला माहीत नाही, आणि असू नये अशीच त्याची तेव्हा इच्छा होती. ऐकणारा नसता तर कॅसलरॉकच्या रानात दोन माणसं सहा वर्षं झाडांशी बोलत बसली असती.

आता उडी मोठी आहे, धरून बसा. १९६१. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोला पेटला. नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून 'साबरमती' या भारतीय बोटीवर गोळीबार झाला. डिसेंबरात पुण्याकडून, बेळगावकडून लष्कराच्या गाड्या सरहद्दीकडे सरकू लागल्या. मिरज, बेळगाव, कॅसलरॉक या रेल्वेमार्गावरच्या लोकांना काय चाललंय ते दिल्लीच्या वर्तमानपत्रांच्या आधी कळलं होतं. १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्व्हा यांना संदेश पाठवला: शरणागती नाही, शेवटच्या माणसापर्यंत लढा. रानातलं स्टेशन आवराआवर करून बेळगावला हललं.

१८ डिसेंबर, सोमवार, सकाळ. तुम्ही पणजीच्या दक्षिणेला, सांताक्रूझच्या एका अंगणात उभे आहात. पोदेर सायकलवरून पाव देऊन गेला की नाही हे आज कोणी बघितलेलं नाही. आधी झुआरीच्या पलीकडून, दाबोळीच्या दिशेने, जमिनीतून आल्यासारखे धक्के: कॅनबेरा विमानं विमानतळाची धावपट्टी फोडत आहेत. मग डोक्यावरून सहा हंटर जातात, इतकी खाली की माडांच्या झावळ्या उलट्या होतात. त्यांचं लक्ष्य तुमच्या जवळचंच आहे, बांबोळीच्या पठारावरचं वायरलेस केंद्र. रॉकेटं, तोफा. काही मिनिटांचं काम. धूर वर चढतो आणि समुद्राच्या वाऱ्याने आत वळतो.

गावावर बाँब पडले नाहीत हे कळायला लोकांना थोडा वेळ लागतो. मग जो तो सेटकडे धावतो. सुई फिरते, पुन्हा फिरते.

गोव्याचं लिस्बनशी बोलणं तुटलं. अगदी तुटलं असंही नाही: मुरगावच्या बंदराबाहेर एक जुनी पोर्तुगीज युद्धनौका उभी होती, आणि किनाऱ्यावरचं केंद्र गेल्यावर तिच्या वायरलेसवरून लिस्बनला संदेश जाऊ लागले. नौकेचं नाव 'अफोंस द अल्बुकर्क'. ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला त्याचंच नाव धारण केलेली बोट गोव्यातून शेवटचं बोलते आहे. कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. दुपारच्या सुमाराला भारतीय नौदलाच्या 'बेटवा' आणि 'बियास' यांनी तिला गाठलं. कप्तान जखमी झाला, नौका पेटली, आणि खलाशांनी ती किनाऱ्याकडे वळवून वाळूत चढवली. कुठे, तर बांबोळीच्याच किनाऱ्यावर, सकाळी जळलेल्या केंद्राच्या खालच्या अंगाला.

१९ डिसेंबर. छत्री दलाची ब्रिगेड आदल्या संध्याकाळीच बेतीला पोचली होती. सकाळी ती मांडवी ओलांडून पणजीत शिरली. संध्याकाळी वासालू इ सिल्व्हाने शरणागती पत्करली. सालाझारने त्याला हे कधी माफ केलं नाही, पण त्याच्या त्या आज्ञाभंगामुळे पणजी उभी राहिली, तेव्हा त्याच्याबद्दल एक चांगला शब्द बोलायला हरकत नाही.

तुम्ही पणजीच्या रस्त्यावर आहात आणि वरून विमानाचा आवाज येतो. लोक आडोसा शोधतात, कालचा दिवस अजून अंगात आहे. पण बाँब पडत नाहीत, कागद पडतात. आणि आवाज. हवाई दलाच्या विमानाला ध्वनिवर्धक बसवलेला आहे आणि आत बसलेली दोन माणसं पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत सांगताहेत की पोर्तुगीज शरण आले, गोवा मुक्त झाला. तुमच्या शेजारी उभा असलेला एक मध्यमवयीन गृहस्थ वर बघत नाही. तो डोळे मिटून ऐकतो, मान एका बाजूला कलवून, आणि मग म्हणतो, हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. सहा वर्षं ज्या आवाजासाठी खिडक्या लावल्या तो आता अख्ख्या शहरावर उघड्यावर फिरतो आहे. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई जवळजवळ दोन तास वर होते.

पुढचं वेगाने सांगतो, कारण पुढे सरकारी फायली आहेत. ९ जानेवारी १९६२ ला, म्हणजे महिनाही उलटायच्या आत, एमिसोरा द गोवाच्या जागी ऑल इंडिया रेडिओचं पणजी केंद्र सुरू झालं. म्हाताऱ्याच्या बोटांना नवी सवय लावावी लागली. बोरीचे बा. भ. बोरकर, बाकीबाब, पुण्याच्या केंद्रावरून पणजीला आले आणि १९७० पर्यंत नभोवाणीच्या नोकरीत होते. ज्या मुलखावर आयुष्यभर कविता केल्या तिथल्याच स्टेशनवर बसून पगार घेण्याचं भाग्य फार थोड्या कवींना मिळतं. मग भाषेचं भांडण पेटलं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली आणि केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१. आपल्याकडे अजूनही हा निकाल दुखणारे लोक आहेत. त्यांनी ट्रकमधून कोणत्या भाषेत बोललं जात होतं हे आठवून बघावं. मुंबई-पुण्याला वाटत होतं की गोवा मराठीत विचार करतो. बराचसा करतही होता, देवळात, नाटकात, वर्तमानपत्रात. पण सहा वर्षं खिडकी लावून त्याने ऐकली ती कोंकणी, आणि ती लिहिणाऱ्या दोघांना आपला श्रोता कोण हे मराठी पुढाऱ्यांपेक्षा नीट कळलं होतं.

त्या दोघांनी १९६४ मध्ये लग्न केलं. वामन सरदेसाई परराष्ट्र सेवेत गेले आणि ज्या अंगोलाच्या बातम्या रानातून वाचल्या तिथेच भारताचे राजदूत झाले. लिबियाबाईंनी गोव्याच्या पर्यटन खात्याचं काम उभं केलं, वकिली केली. पतीला पद्मश्री १९९२ मध्ये मिळाली. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर. तेहेतीस वर्षांचं हे अंतर कशामुळे, ते निवडसमित्यांनाच विचारायला हवं. माइक दोघांच्याही समोर होता.

आता परत या. आकाशवाणीचं पणजी केंद्र आज अल्तिनोवर आहे, पुढच्या वेळी गोव्यात गेलात तर किनाऱ्यावर जाण्याआधी तिकडून एक चक्कर टाका. पण त्याहून महत्त्वाचं काम दुसरं आहे. म्हापशात, मडगावात, किंवा मुंबईत गिरगाव-माझगावात पंच्याहत्तरी ओलांडलेलं कोणी गोंयकार भेटलं, तर त्यांना विचारा: तुमच्या घरात रेडिओ कुठे ठेवलेला असे, आणि रात्री खिडकी कोण लावायचं? उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. ही माणसं आता फार उरलेली नाहीत.